राउनो कार्पिनेन आणि खरा पत्ता

राउनो कार्पिनेनने आयुष्यात कुणाची तोंडाने निंदा केली नाही. जी काय केली ती फोल्डरांच्या नावांत केली.

स्वभावच तसा. मूळचा कुहमोकडचा, जंगलातला माणूस. वडील रस्त्यावरचं बर्फ सारायची गाडी चालवायचे आणि घरी आले की "झालं" एवढंच म्हणायचे. काय झालं ते आईने समजून घ्यायचं. अशा घरात वाढलेल्या पोराला बोलायची सवय कुठून लागणार? औलू शहरात शिकायला आला तेव्हा वसतिगृहात कित्येक दिवस सगळ्यांना वाटत होतं की त्याची खोली रिकामी आहे. शेजारच्या ताइमीने रिकामी खोली म्हणून आपली सायकल ठेवायला दार ढकललं, तर आत हा खिडकीशी बसून काळा पाव खात होता.

"सायकल ठेवली तर चालेल का?" ताइमीने विचारलं.

"ठेव," राउनो म्हणाला.

सायकल वसंत येईपर्यंत तिथेच राहिली. पुढे त्यांचं लग्न झालं. मधलं कुणालाच ठाऊक नाही. ताइमी सांगते की त्यालाही ठाऊक नाही.

सुरुवातीला केमीच्या कागद गिरणीत यंत्रांचे प्रोग्राम लिहिण्यात त्याची बरीच वर्षं गेली. मग औलूत फोनच्या धंद्याला ऊत आला. दर आठवड्याला नवी कंपनी निघायची. त्यातल्याच एका मध्यम आकाराच्या कंपनीत राउनो आला. दक्षिणेत, एस्पोला, एक बडं गिऱ्हाईक होतं. त्यांना खिशात मावेल असा एक छोटा संगणक काढायचा होता. त्याच्यासाठी प्रोग्राम बांधून द्यायचे, हे या कंपनीचं काम.

आता त्या चिमुकल्या यंत्रावरच प्रोग्राम बांधायला बसलं तर हिवाळा संपून जाईल, इतकं ते मंद. म्हणून बांधायचं काम मोठ्या मशीनवर आणि चालवायचं छोट्यावर. भानगड इथेच सुरू होते. बांधकाम चालू असताना प्रोग्राम दर क्षणाला काहीतरी मागत असतो: ही फाइल कुठाय, ती फाइल कुठाय. तो मागतो छोट्या यंत्रातला पत्ता, पण उभा असतो मोठ्या यंत्रात. तिथे त्याच पत्त्यावर त्याच नावाची भलतीच फाइल असते. ती त्याने उचलली की बिल्ड, म्हणजे बांधून तयार झालेला प्रोग्राम, बिघडलं. म्हणून मध्ये एक माणूस उभा करायचा. माणूस म्हणजे प्रोग्रामच. बांधणाऱ्या प्रोग्रामने पत्ता मागितला की या मधल्या माणसाने तो गुपचूप बदलून त्याला दुसऱ्याच फोल्डरात नेऊन सोडायचं, आणि "आलं बघ तुझं ठिकाण" म्हणायचं. परत जाताना "मी कुठे आहे?" असं विचारलं, तर खरं सांगायचं नाही. तिथेही खोटाच पत्ता द्यायचा. हे पत्ते बदलण्याचे नियम लिहिणं, ही राउनोची नोकरी. नियम शेकड्यांनी होते आणि ते सगळे एकाच जागी नांदत होते: राउनोच्या डोक्यात.

लोक त्याच्या टेबलाशी यायचे. "राउनो, हा पत्ता कुठे जातो रे?" राउनो थोडा वेळ छताकडे बघायचा आणि सांगायचा. बहुतेक वेळा बरोबर असायचं.

त्याचा वरिष्ठ इल्पो. इल्पो आधी दूधसंघात होता. माणसं आणि दुधाच्या गाड्या त्याला पक्क्या समजायच्या. कंपनीला माणसं सांभाळणारा हवा होता, म्हणून त्याला आणलं. मनाने चांगला, मोठ्याने हसणारा, औलूच्या मानाने जरा जास्तच बोलणारा. एकच खोड. कुणी कितीही वेळ काहीही समजावून सांगितलं तरी शेवटी टाळी वाजवून म्हणायचा, "म्हणजे थोडक्यात, चाललंय ना?"

एका वसंतात राउनोने जन्मातलं सगळ्यात लांब भाषण केलं. फळ्यावर बाण काढून काढून त्याने सांगितलं की पत्त्यांचे नियम वाढत चाललेत, एक बदलला की तीन मोडतात, आणि म्हणून काम ठरल्या वेळेला होणार नाही. इल्पोने सगळं शांतपणे ऐकलं. मग टाळी वाजवली.

"म्हणजे थोडक्यात, वेळेवर होईल."

राउनोने फळा पुसला. जागेवर गेला, आणि कामासाठी एक नवं फोल्डर केलं. त्याला नाव दिलं "इल्पोच्या-डोक्यावरून". त्यात एक "नवीन". त्याच्या आत "नवीन-खरंच". त्याच्याही आत "नवीन-हेच-शेवटचं". मग गुरुवार होता, आणि गुरुवारी तिकडे वाटाण्याचंच सूप असतं, म्हणून खाली जाऊन वाटाण्याचं सूप प्याला आणि वर येऊन कामाला लागला. राग वगैरे काही नव्हता. निंदा झाली होती.

एस्पोची मंडळी शरद ऋतूत आली. त्यांच्या पुढारी एक बाई होत्या, राखाडी कोटातल्या, नेमक्या बोलणाऱ्या. सामन माशाचं सूप झालं, कॉफी झाली, दालचिनीचे गोड पाव झाले, आणि सगळे प्रात्यक्षिकाच्या खोलीत जमले. सकाळी सामाईक मशीन अडकून पडलं होतं, म्हणून यंत्रात घातलेलं बिल्ड ऐनवेळी राउनोच्याच मशीनवरून उचललं होतं. तपासणीचं काम सिर्का नावाची बाई बघायची. तिने "हे मी तपासलेलं नाही" असं तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा इल्पोने टाळी वाजवली.

यंत्र सुरू झालं. पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला होता. आधी कंपनीचं चिन्ह आलं. मग पडदा पांढरा झाला. मग पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत एक ओळ आली.

एस्पोच्या बाईंनी चष्मा लावला आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली. वाचायची गरज नव्हती, सगळ्यांना दिसत होतं. पण त्यांना कुठलीही गोष्ट पूर्ण करायची सवय होती.

"चित्र सापडलं नाही. घर, राउनो, इल्पोच्या-डोक्यावरून, नवीन, नवीन-खरंच, नवीन-हेच-शेवटचं, चित्रं, बटण."

खोलीत शांतता पसरली. औलूत शांततेचं कुणाला नवल नाही. पण ही वेगळी होती. कुणीतरी कॉफीचा कप बशीत ठेवला, तोही ऐकू आला.

"इल्पो म्हणजे?" बाईंनी विचारलं.

"मी," इल्पो म्हणाला.

"आणि राउनो?"

कोपऱ्यात बसलेल्या राउनोने हात वर केला. शाळेत करतात तसा.

बाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, चष्मा घडी करून डब्यात ठेवला, आणि म्हणाल्या, "आमचं विमान आहे."

घरी आल्यावर राउनो जेवायला बसला आणि जेवलाच नाही. ताइमी शाळेच्या मुलांची टॅक्सी चालवायची. दिवसभर चिमण्यांचा कलकलाट ऐकून ती घरी यायची, त्यामुळे नवऱ्याचं मौन तिला मानवायचं. पण मासा तसाच ताटात राहिला, तेव्हा तिने विचारलं.

"काय झालं?"

"एक पत्ता बाहेर आला."

"कसला पत्ता?"

राउनोने सांगितला. ताइमीने काटा खाली ठेवला.

"भिंतीवर?"

"भिंतीवर."

"सगळ्यांदेखत?"

"हं."

ताइमी खिडकीबाहेर बघत राहिली. तिचे खांदे हलत होते. राउनोला वाटलं रडतेय. ती हसत होती.

"बरं, त्याच्या खरंच डोक्यावरून जातं का?"

"जातं."

"मग खोटं तर नाही ना लिहिलंस. खा आता."

शुक्रवारपर्यंत इल्पोने चकार शब्द काढला नाही. समोर आला की मान हलवायचा, जायचा. मोठ्याने हसणारा माणूस गप्प झाल्यावर मजला ओस पडल्यासारखा वाटू लागला. लोक राउनोच्या टेबलाशी येईनात. पत्ता विचारायचा असला तरी येईनात. जो तो अंदाजाने काम करू लागला, आणि त्या आठवड्यात जेवढी बिल्डं बिघडली तेवढी वर्षात बिघडली नव्हती.

शुक्रवारी दुपारी कंपनीच्या सौनाची, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराची, वेळ. एरवी पाच-सहा जण असायचे. त्या दिवशी सगळ्यांना अचानक घरची कामं निघाली. आत फक्त दोघं: वरच्या बाकावर इल्पो, दाराजवळ राउनो. बाहेरच्या शेगडीवर सॉसेजं ठेवलेली.

"एस्पोचा निरोप आलाय," इल्पो म्हणाला.

"हं."

"म्हणतात, तो जो कुणी राउनो आहे, त्याला आमच्या कामावरून काढा."

"हं."

"हं काय लेका? ऐकलंस का काय म्हणालो?"

"ऐकलं."

इल्पोने तापलेल्या दगडांवर ओगराळंभर पाणी ओतलं. वाफ चर्रकन वर गेली आणि दोघांच्या कानांच्या पाळ्या भाजल्या. कुणी हललं नाही.

"बुधवारी मला तिकडे जाऊन उत्तर द्यायचंय. तुला काढणं सोपं आहे. पण मग तुझ्या जागी जो येईल, तोही तेच लिहील. शहाणा असला तर पुसून टाकील, एवढंच." इल्पो घाम पुसत म्हणाला. "तेव्हा एक सांग. माझ्या डोक्यावरून जातं म्हणालास, ते नेमकं काय जातं?"

"म्हणालो नाही. लिहिलं."

"बरं बाबा, लिहिलंस. काय जातं?"

राउनोकडे फळा नव्हता, खडू नव्हता, अंगावर कपडेसुद्धा नव्हते. बाण काढायची सोय नव्हती. त्याने जसं जमेल तसं सांगितलं: प्रोग्राम एक पत्ता मागतो, मधला माणूस त्याला दुसरीकडे नेतो, आणि प्रोग्रामला कळू द्यायचं नाही.

इल्पो पाय पोटाशी घेऊन बसला. मग म्हणाला, "म्हणजे मी दुधाच्या गाडीला कुहमोला धाडतो, आणि तुझा माणूस मध्येच तिला सोत्कामोला वळवतो."

"हो."

"आणि ड्रायव्हरला वाटतं, आपण कुहमोतच दूध उतरवलं."

"तसंच वाटायला हवं."

"आणि हे चांगलं असतं?"

"त्याशिवाय कामच होत नाही."

"आणि त्या दिवशी काय झालं?"

"ड्रायव्हरला खरं गाव कळलं. त्याने ते सगळ्यांना सांगितलं."

इल्पो हसला. आठवडाभरात पहिल्यांदाच. हसू त्या लहानशा लाकडी खोलीत मावेना.

"अरे, मग हे तू वसंतातच सांगायचंस की!"

"सांगितलं होतं."

"नाही. तेव्हा तू बाण काढलेस." इल्पोने पुन्हा पाणी टाकलं. "बरं, मला एक सांग. दूधसंघात असताना मी फाटकावरच्या म्हाताऱ्याला विचारायचो, ही गाडी आज कुठे उतरणार? तो सांगायचा. गाडी निघायच्या आधी. तुझ्या त्या मधल्या माणसाला असं आधी विचारता येतं का? बाबा रे, हा पत्ता आला तर तू कुठे नेशील? नेऊ नकोस, नुसतं सांग."

राउनोने अंगठ्याने बाकाची फट चाचपली.

"येतं का?"

"नाही."

"का?"

राउनोने दगडांकडे पाहिलं, बादलीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. सगळी कारणं तपासून झाली. एकही धड नव्हतं.

"कुणी विचारलं नव्हतं."

"मी विचारतोय," इल्पो म्हणाला.

राउनो उठला आणि तसाच बाहेर गेला. इल्पोला वाटलं, याला भोवळ आली. पाठोपाठ तोही बाहेर आला. राउनो टॉवेल गुंडाळून बाकावर बसला होता आणि सॉसेजं जळून कोळसा होत होती, त्याच्या डोळ्यांसमोर.

"सॉसेजं!" इल्पो ओरडला.

"नियम तेच वापरायचे," राउनो म्हणाला. "दुसरी प्रत करायची नाही. त्याच माणसाला विचारायचं. नाहीतर हा एक सांगेल, तो दुसरं करील."

"मला काय कळतंय त्यातलं?" इल्पो म्हणाला, आणि जळकी बाजू खरवडून खाऊ लागला.

शनिवार-रविवार राउनो कामावर बसला. ताइमीला त्याने सांगितलं, "मला एक गोष्ट करायचीय आणि ती मला करावीशी वाटतेय." एवढं मोठं वाक्य ऐकून ताइमी घाबरली. तिने थर्मासात कॉफी भरून दिली आणि संध्याकाळी स्वतः जाऊन त्याला घेऊन आली.

सोमवारी सकाळी एक नवी कमांड तयार होती. नाव "नायता". औलूकडच्या भाषेत नायता म्हणजे दाखव. तिचं काम एकच. टर्मिनलमध्ये, म्हणजे हुकूम टाइप करायच्या खिडकीत, तिचं नाव लिहायचं, पुढे कुठलाही पत्ता द्यायचा, की ती सांगायची: या पत्त्याला मधला माणूस अमुक ठिकाणी नेईल, अमुक नियमाने. फाइल उघडायची नाही, बदलायची नाही, बनवायची नाही. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामचं नाव सांगितलं तर त्याच्या नजरेने उत्तर द्यायची, कारण एकाच पत्त्यावर वेगवेगळ्या प्रोग्रामांना वेगवेगळीकडे नेलं जायचं. उलटंही विचारता यायचं: ही खरी जागा प्रोग्रामला कुठल्या नावाने दिसेल? रंगरूप काही नव्हतं. बटण नव्हतं. विचारलं तर एक ओळ, नाही विचारलं तर काहीच नाही. ताइमी पुढे म्हणाली, नवऱ्यावर गेलीय.

राउनोने तिला पहिला पत्ता दिला तो भिंतीवरचा. प्रोग्रामला खरं गाव कुणी सांगितलं, हे बघायला. उत्तर ताबडतोब आलं. त्याच्या 'घर, राउनो' या फोल्डरासाठी एक अपवाद लिहून ठेवलेला होता: इथला पत्ता बदलू नये, जसाच्या तसा जाऊ द्यावा. कुणी लिहिला? राउनोने. कधी? मागे एकदा घाईत, आपल्या सोयीसाठी, "उद्या काढू" म्हणून. त्याच्या मशीनवर ती फोल्डरं खरोखरच होती, म्हणून तिथे सगळं नीट चालायचं. छोट्या यंत्रात कुठून असणार?

आपलेच दात, आपलेच ओठ. राउनो ओळीकडे बघत राहिला. मग सिर्काला बोलावून म्हणाला, "माझीच चूक."

सिर्काने ओळ वाचली. "मी तीनदा सांगितलं होतं, तपासलेलं नाही म्हणून."

"हो."

"मग तुझी निम्मी. निम्मी टाळीवाल्याची." आणि ती खुर्ची ओढून बसली. "सरक जरा. मला सगळेच पत्ते विचारायचेत."

तिने खरोखरच सगळे विचारले. एकेक पत्ता घालून घालून तिने दुपारपर्यंत असे कितीतरी शोधले जे भलतीकडे जात होते आणि कुणाला पत्ता नव्हता. पण त्याबरोबर दुसरंही झालं. कमांड खरा पत्ता सांगायची, आणि खऱ्या पत्त्यात फोल्डरांची खरी नावं असायची. सिर्का ती मोठ्याने वाचत होती. दुसऱ्या रांगेत बसणाऱ्या एका पोराचं फोल्डर "सिर्का-येण्याआधी" निघालं. तिने मान वळवून त्याच्याकडे नुसतं पाहिलं. त्यानंतर मजल्यावर तासभर कुणी काही काम केलं नाही. नुसता कळफलकांचा आवाज. सगळे आपापली फोल्डरं धुऊन पुसून घेत होते.

इल्पोच्या मशीनवरही एक निघालं. त्याचं नाव होतं "रिकामं". उघडून पाहिलं, तर रिकामं होतं.

बुधवारी इल्पो एकटाच एस्पोला गेला. राउनोला न्यायचा विचार होता. पण राउनो म्हणाला, "मी गेलो तर तूही गप्प बसशील," आणि ते इल्पोला पटलं. त्या दिवशी राउनोने टेबलाचा कप्पा आवरला. मासेमारीचे रंगीत गळ, एक जुना माउस आणि ताइमीचा लग्नाआधीचा फोटो, एवढंच निघालं. त्याने ते पिशवीत भरून ठेवलं. उद्या घाई नको.

दुसऱ्या दिवशी इल्पो आला तो थेट त्याच्या टेबलाशी.

"काय म्हणाल्या?" राउनोने विचारलं. त्याने आपण होऊन प्रश्न विचारला, हे ऐकून शेजारचे दोघं वळले.

"त्यांनी विचारलं, त्या माणसाला काढलंत का? मी म्हटलं, फोल्डराचं नाव काढलं."

"बस्स?"

"म्हणाल्या, हे उत्तर नाही. मी म्हटलं, बाई, त्याने लिहिलं होतं ते बरोबर होतं. मला कळत नव्हतं. आता कळलंय, म्हणून नाव बदललं. चुकीचं नाव ठेवून कसं चालेल?"

मागे कुणाला तरी खोकला आला.

"मग?"

"मग त्यांनी चष्मा लावला. मी तुझी ती नायता उघडून दिली. त्यांना म्हटलं, तुम्हीच घाला पत्ता, कुठलाही. त्यांनी घातला. उत्तर आलं. दुसरा घातला. अर्धा तास घालत बसल्या, अरे! शेवटी म्हणाल्या, हिने काही बिघडत नाही ना? मी म्हटलं, नाही, ही नुसती सांगते. तर म्हणतात, आमच्याकडे अशी सांगणारी माणसं नाहीत, ही आम्हाला द्या."

"दिलीस?"

"तुझी आहे. तुला विचारून, म्हटलं." इल्पोची नजर पिशवीवर गेली. "हे काय?"

"गळ."

"कुठे निघालास?"

राउनोने थोडा विचार केला. "मासे धरायला," तो म्हणाला, आणि गळ पुन्हा कप्प्यात ठेवले.

त्यानंतरचे दिवस बरे गेले. नायता एस्पोला गेली, तिथून आणखी कुठे कुठे गेली. पुढे ती सगळ्यांना फुकट वापरायला खुली केली. टेबलाशी येणारे लोक मात्र कमी झाले. ज्याला पत्ता हवा तो कमांडलाच विचारी. राउनोला हे आधी बरं वाटलं, मग तितकंसं बरं वाटेना. दुपारची कॉफी तो इल्पोच्या खोलीत घेऊ लागला. इल्पो बोलायचा, हा ऐकायचा. चांगली जोडी जमली.

मग गिऱ्हाइकाने आपला विचार बदलला. ते यंत्रच बंद झालं, आणि त्याबरोबर औलूतले मजलेच्या मजले रिकामे झाले. या कंपनीचाही शेवटचा दिवस आला. केक होता. इल्पोने भाषणाला सुरुवात केली आणि मध्येच टाळी वाजवायला वर केलेले हात तसेच खाली घेतले. महिन्याभरात तो पुदास्यार्वीला, बायकोच्या गावी, मधमाश्या पाळायला निघून गेला. म्हणाला, याही नेमक्या कुठे जातात ते कळत नाही, पण संध्याकाळी परत येतात.

पन्नाशीच्या आसपास नोकरी गेलेला माणूस औलूत तेव्हा नवलाचा नव्हता. त्या हिवाळ्यात ताइमीचा खांदा धरला, म्हणून राउनो तिची टॅक्सी चालवू लागला. मागे शाळेची पोरं. पहिल्याच सकाळी एक मुलगी म्हणाली, "काका, तुम्ही चुकीच्या रस्त्याने चाललात." राउनोने आरशात पाहून विचारलं, "बरोबर कुठला?" त्यावर सगळी पोरं एकदम बोलू लागली, आणि प्रत्येकाने वेगळा रस्ता सांगितला. संध्याकाळी घरी येऊन तो ताइमीला म्हणाला, "फार बोलतात." पण दुसऱ्या दिवशी जरा लवकरच निघाला.

बर्फ वितळता वितळता त्याला मुलाखतीचं बोलावणं आलं. जंगलात झाडं तोडणारी यंत्रं बनवणारी एक कंपनी होती. त्या यंत्रांतही आता छोटे संगणक बसत होते, आणि त्यांचेही प्रोग्राम मोठ्या मशीनवरच बांधावे लागायचे. मुलाखत घेणारी योन्ना तिशीतली, हसरी, भराभर बोलणारी.

"पत्ते बदलायची जी भानगड असते ती माहितीये?"

"थोडीफार."

"आम्ही नायता वापरतो. कमांड छान आहे हो, पण तिची माहितीपुस्तिका! देवा रे! कुणी लिहिलीय कोण जाणे. एका ओळीत सगळं कोंबलंय. वाचणाऱ्याला सगळं आधीच माहीत असावं असं धरून चाललाय तो माणूस."

राउनोने मान डोलावली. "वाईट आहे."

"तुम्ही वाचलीय?"

"हो. फार वाईट आहे."

"बघा ना! मग तुम्हाला ती नीट लिहून काढता येईल का? सुरुवातीला तेवढंच काम देईन म्हणते."

"प्रयत्न करीन," राउनो म्हणाला.

रुजू झाल्यावर आठवडाभराने योन्ना त्याच्या टेबलाशी आली. चेहरा लालबुंद. हातात जुन्या पुस्तिकेचं शेवटचं पान, ज्याच्या तळाशी लिहिणाऱ्याचं नाव बारीक अक्षरात होतं.

"तुम्ही लिहिलीय ही!"

"हो."

"मग तेव्हा बोलला का नाहीत? मी मेली वाट्टेल ते बडबडत होते!"

"तू वाईट म्हणालीस. ती वाईटच होती."

योन्ना उभीच राहिली. मग खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "बरं, मग मला आधी हे सांगा, या तिसऱ्या ओळीचा अर्थ काय?" राउनोने ओळ वाचली. पुन्हा वाचली. त्यालाही आठवेना. दोघांनी मिळून ती ओळ खोडली.

नवी पुस्तिका लिहायला उन्हाळा लागला. बोलण्यात काटकसर करणाऱ्या माणसाला लांब लिहायला सांगणं म्हणजे जुलूमच. तो कामावरून येऊन स्वयंपाकघरात बसायचा, कागदावर दोन वाक्यं लिहायचा आणि ती ताइमीपुढे सरकवायचा. तिला यातलं ओ का ठो कळत नव्हतं, आणि राउनोला तेच हवं होतं.

त्या संध्याकाळी खिडकी उघडी होती. चुलीवर नवे बटाटे उकळत होते, टेबलावर शेपू चिरून ठेवला होता. ताइमी चष्मा नाकावर घेऊन वाचत होती.

"'खरी जागा' असं का म्हटलंयस? दुसरी जागा खोटी असते का?"

राउनो विचारात पडला. "खोटी नाही. प्रोग्रामपुरती तीच खरी."

"मग तसं लिही ना."

त्याने लिहिलं. तिने पुन्हा वाचलं.

"आता कळतंय. पण हे वाक्य मोठं झालं."

"तूच म्हणालीस."

"मी म्हणाले म्हणून काय झालं? तोड."

त्याने तोडलं. एकाची दोन झाली, दोनाची तीन. तिसऱ्यात एक शब्द अडला, त्यावरून थोडी हमरीतुमरी झाली. राउनोने चक्क आवाज चढवला. ताइमीने त्याच्याकडे पाहिलं, चष्मा काढला आणि म्हणाली, "अगं बाई, तुला रागही येतो होय?"

तेवढ्यात चुलीवरून पाणी उतू गेलं. ती धावली. बटाटे फुटून पिठूळ झाले होते. तिने ते तसेच ताटांत वाढले, वर लोणी घातलं, शेपू भुरभुरला. राउनोने कागद बाजूला सारले आणि दोघं जेवायला बसली.